‘तुझ्यासाठीच चाललोय’ : जांबोटी भागातून अनगोळला आलेल्या एका मुलाचं प्रकरण

नावं घेत नाही. मुलाला इथे ‘थोरला’ म्हणते, कारण घरातही त्याला तसंच म्हणतात. पाठची बहीण ती धाकटी. हे लिहायला त्याच्या आईवडिलांची परवानगी आहे, त्याचीही घेतली. “लिवा की टीचर, पण दुधाचं नीट लिवा,” एवढीच त्याची अट होती.

मी बेळगावात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिकवून निवृत्त झाले. तेव्हापासून ओळखीपाळखीतून पोरांची प्रकरणं घरी येतात. मी डॉक्टर नाही. पोरगा जेवण टाकतोय, रात्र रात्र जागतोय, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करतोय, असं काही कानावर आलं तर मी त्यात हात घालत नाही. सरळ डॉक्टरांकडे पाठवते आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर लिहून देते. थोरल्याचं तसं काही नव्हतं. त्याला फक्त गाव सोडायचं नव्हतं.

घरची परिस्थिती अशी. वडील बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे, रानाला लागून. रोजचं येणं-जाणं मोटारसायकलवर, एका बाजूला जवळपास ३० किलोमीटर. ज्यांनी पावसाळ्यात पिरनवाडीवरून किणयेमार्गे जांबोटीचा रस्ता रात्री धरला आहे त्यांना जास्त सांगायला नको. पाऊस समोरून मारतो, लाईटच्या उजेडात पाण्याशिवाय काही दिसत नाही, आणि मध्येच गवा उभा असतो. २०२३ च्या जुलैत दुसरी शिफ्ट करून येताना वडिलांची गाडी घसरली. खांद्याचं हाड मोडलं. दोन महिने घरी बसावं लागलं, त्यातला बराच काळ बिनपगारी. दवाखान्यासाठी सोसायटीचं आणि वर पाहुण्यांचं कर्ज झालं. सप्टेंबरात कामावर परतायच्या आधीच नवराबायकोनं ठरवून टाकलं, बेळगावातच अनगोळात दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या. फौंड्री तिथून सायकलच्या टप्प्यात.

थोरला तेव्हा आठवीत, चौदाव्या वर्षात. त्याला सांगितलं गेलं ते असं : “तुझ्यासाठीच चाललोय रे. तुझं शिक्षण व्हायला पाहिजे.” आईनं सांगितलं, वडिलांनी सांगितलं, मामानं फोनवर सांगितलं, चुलतीनंही सांगितलं. तो म्हणाला, “मग नका जाऊ. मला नको शिक्षण तिकडचं.”

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. म्हणून मग तो हट्टी ठरला.

आई माझ्याकडे आली ती दसऱ्याच्या सुट्टीत. (आपल्याकडे, कर्नाटकात, शाळेची मोठी सुट्टी दसऱ्याला. पलीकडे महाराष्ट्रातली, चंदगडकडची भाचरं दिवाळीत सुट्टीवर येतात तेव्हा आमची पोरं शाळेत असतात. पाहुण्यांचा मेळ कधीच बसत नाही.) पोरगा बोलत नाही, ताट घेऊन सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, एकटा बसतो, हे तिनं सांगितलं. आणि एक गोष्ट जरा लाजत सांगितली. घरातली भांडी बांधायला सुरुवात केली तेव्हा थोरल्यानं आपली सगळी पुस्तकं आणि कपडे एका गोणीत भरले आणि गोणी चुलत्याच्या घरी माळ्यावर नेऊन ठेवली. आईनं परत आणली. त्यानं पुन्हा नेली. दुसऱ्या वेळी तोंड सुतळीनं शिवलं होतं.

पहिली भेट मी वाया घालवली. सुट्टीत आई त्याला माझ्या शहापूरच्या घरी घेऊन आली. मी चहा-कुंदा पुढे ठेवला आणि सुरू झाले : शहरात ग्रंथालय आहे, क्लास आहेत, मैदानं आहेत, सायन्सला लॅब आहे. तीस वर्षं हेच बोलत आलेय, त्यामुळे जिभेवर तयार असतं. तो मान खाली घालून कुंद्याची वडी चमच्यानं दाबत राहिला. खाल्ली नाही. मग एकदम वर बघून म्हणाला, “टीचर, तुम्ही कधी घर बदललासा?”

मी म्हटलं, “लग्न होऊन या घरात आले, तेव्हा.”

“तुम्हाला विचारलं होतं?”

मी त्याच्या आईकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. ती चंदगड तालुक्यातून या गावात आलेली, मी निपाणीहून इथे. दोघींनाही कोणी विचारलेलं नव्हतं. विचारायचं असतं हेही कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, “नाही रे. नव्हतं विचारलं.”

“मग?” म्हणाला. एवढंच. पण त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायला लागला. त्याच्याशी खरं बोललेली त्या तिमाहीतली मी पहिली असावी, आणि तेही चुकून.

नंतर एका रविवारी मी त्यांच्या गावाला गेले. असं प्रकरण माझ्या खुर्चीत बसून सुटत नाही, हे मी उशिरा शिकले. पहाटेच्या बसनं पोचले तेव्हा थोरला घरात नव्हता, डेअरीवर होता. मीही तिकडे गेले. रांगेत सात-आठ बायामाणसं किटल्या घेऊन उभी, त्यात हा एकटाच पोरगा. नमुना काढला, मशीनवर आकडा आला, त्यानं खिशातली लांबोडी वही काढून मांडीवर ठेवून तिथंच लिहिलं : तारीख, सकाळ, लिटर, फॅट (दुधातल्या स्निग्धांशाचा टक्का). वही मागितली तर दिली. दीड वर्षाच्या नोंदी, एकही वेळ चुकलेली नाही. पावसाळ्यात फॅट खाली गेलेली दिसत होती, तिथे समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘ओला चारा जास्त’. पुढच्या पानावर ‘पिंजर वाढवलं’, म्हणजे सुका चारा, आणि त्याखाली आकडा हळूहळू वर आलेला. ५.७, ५.९, ६.२.

दर दहा दिवसांनी दुधाचं बिल यायचं. वडील घरी बसले होते त्या दोन महिन्यांत घरात जो काही रोख पैसा येत होता तो एवढाच. हे त्याच्या आईनं मला बेळगावात सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच, पोरगा सकाळी दूध घालून येतो त्यात काय.

आणि म्हैस? ती चुलत्याला पोसायला द्यायची ठरली होती. वही कोणाकडे जाणार, हे कोणी ठरवलं नव्हतं.

इथे मला काय दिसलं ते सांगते. घरातल्या सगळ्यांची समजूत होती की पोरगा मित्रांसाठी अडून बसलाय, किंवा मोबाईलच्या वायफळपणासाठी. मित्र होते, नाही असं नाही. पण त्या गावात तो कामाचा माणूस होता. त्याच्या हातानं घर चाललं होतं. अनगोळच्या दोन खोल्यांत त्याला एकच काम उरणार होतं : अभ्यास करणे. सगळं घर ‘त्याच्यासाठी’ हलणार, आणि तो तिथे पाहुण्यासारखा बसणार. वर ‘तुझ्यासाठीच चाललोय’ या वाक्यानं सगळ्या घराचं ओझं त्याच्या डोक्यावर. उद्या आईला शहरात करमलं नाही, भाडं झेपलं नाही, तर कोणामुळे? त्याच्यामुळे. चौदा वर्षांच्या पोराला हे शब्दांत सांगता येत नाही. त्यानं गोणी शिवली.

मी आईवडिलांना एकच सांगितलं, त्याला खरं कारण सांगा. आई तयार नव्हती. “पोराला कर्जाचं कशाला सांगायचं? घाबरंल की.” मी म्हटलं, त्याला सगळं माहीत आहे, फक्त तुम्ही सांगितलेलं नाही. वही बघा त्याची, हिशेब त्याला तुमच्यापेक्षा बरा येतो. शेवटी वडिलांनीच ठरवलं. संध्याकाळी धार काढायच्या वेळी ते गोठ्यात त्याच्या शेजारी जाऊन बसले. मी सोप्यावर होते, ऐकू येत होतं. कर्जाचा आकडा सांगितला. मग बराच वेळ नुसता धारेचा आवाज. मग म्हणाले, “मला त्या रस्त्यानं रात्रीचं गाडी चालवायला भ्या वाटतंय आता. कुसमळीच्या पुलावर आलो की हात कापतात.”

थोरला काही बोलला नाही. धार संपवून किटली झाकली आणि विचारलं, “भाडं किती म्हणाला?”

“साडेचार हजार. तीस डिपॉझिट.”

“दोन खोल्यांला साडेचार जास्त आहे की ओ.”

त्या दिवसापासून तो ‘येणार नाही’ असं म्हणाला नाही. ‘येतो’ असंही म्हणाला नाही, हे लक्षात ठेवलं पाहिजे. तो खूश झाला नव्हता. पण ते घर बदलणं आता एका अडचणीवरचा उपाय होता, आणि अडचण त्याचीही होती.

यानंतर काय त्याच्या हातात द्यायचं, यावर आम्ही बरंच बोललो. जायचं की नाही, हे ठरलेलं होतं. ते पुन्हा विचारल्याचं सोंग करायचं नाही, असं मी बजावलं. पोरांना असलं सोंग लगेच कळतं, आणि पुढचं काहीच ते खरं धरत नाहीत. पण खोल्या कोणत्या, हे त्यानं ठरवलं. वडिलांबरोबर तीन ठिकाणं बघून आला आणि चार हजाराची एक शोधली, नळाचं पाणी बेताचं पण समोर मोकळी जागा. म्हशीचा करार त्यानं केला, चुलत्याशी, तोंडी पण अटी घालून : पहिलं रेडकू यांचं, आणि फॅट दर आठवड्याला फोनवर सांगायची. चुलता हसला, पण हो म्हणाला.

आणि कधी जायचं, हे मी ठरवायला लावलं. वडिलांना दिवाळीतच हलायचं होतं. मी म्हटलं, वर्ष मोडू नका. आपल्याकडे परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये आटोपतात, नवं वर्ष जूनच्या तोंडावर सुरू होतं. नववीला नव्या शाळेत सगळ्यांबरोबर पहिल्या दिवशी बसला तर तो ‘नवा’ असतो, पण एकटा नवा नसतो. नोव्हेंबरात मधोमध गेला असता तर बाकावर जागा शोधण्यापासून सुरुवात. मधल्या महिन्यांत वडिलांनी पहिली शिफ्ट मागून घेतली, म्हणजे रात्रीचा रस्ता टळला. पगार थोडा कमी पडला.

माध्यमावरून मात्र घरात भांडण झालं. मामाचं म्हणणं, शहरात आलाच आहे तर इंग्लिश मीडियमला घाला. मी ठाम नाही म्हटलं. घर, गाव, मित्र, शाळा एकदम बदलतायत, त्यात भाषाही बदलली तर पोराला उभं राहायला काय उरलं? दोन वर्षांवर एसएसएलसी, म्हणजे इकडची दहावीची बोर्ड परीक्षा. ६२५ पैकी पहिल्या भाषेचे १२५ मार्क, ते मराठीत त्याचे हुकमी. मराठी माध्यमाची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली. दाखला आणि सॅट्सचा (सरकारच्या ऑनलाईन विद्यार्थी-नोंदीचा) नंबर जुन्या शाळेतून वेळेत घेतला. ऑनलाईन नोंद इकडून तिकडे सरकायला दिवस लागतात, म्हणून एप्रिलमध्येच मागे लागायला सांगितलं होतं.

मे महिन्यात, वैशाखातल्या शिवजयंतीला वडील त्याला चित्ररथ बघायला घेऊन आले. बेळगावची ती मिरवणूक, रात्रभर चालणारी, गल्लीगल्लीचे देखावे. वडिलांना वाटलं पोरगं भुलेल. पोरगं खडेबाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून झोपलं.

आता कन्नडचं. हा भाग मला सगळ्यात जास्त सांगावासा वाटतो.

जांबोटी पट्ट्यात घरात, शेतात, देवळात सगळीकडे मराठी. कन्नड शाळेत, विषय म्हणून. थोरल्याला कन्नड वाचता यायचं, उत्तरं लिहिता यायची, मार्कही बरे. बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. वडिलांचं नेमकं उलटं. वीस वर्षं फौंड्रीत निम्म्या कन्नड माणसांबरोबर काम केलेलं, तोंडात कन्नड पाण्यासारखी, पण अक्षर एक येत नाही. बसची पाटी त्यांना कोणालातरी विचारावी लागते. थोरल्याची शहराची जी भीती होती तिच्यात हे मोठं होतं, आणि ते त्यानं माझ्याकडे फार उशिरा काढलं : कंडक्टर काहीतरी विचारेल, मला उत्तर येणार नाही, आणि बसमधले सगळे बघतील.

मी बापलेकांना रविवारचं काम लावलं. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडवर जायचं. थोरल्यानं पाटी वाचायची, वडिलांनी कंडक्टरशी बोलायचं, मग पुढच्या बसला अदलाबदल. वडिलांना एक एक अक्षर शिकवायचं काम याचं, याला बोलतं करायचं काम त्यांचं. पहिल्या रविवारी तो पुस्तकातलं बोलला, ‘होगुत्तदे’. कंडक्टर हसला आणि म्हणाला, ‘होगतैति’. घरी येऊन त्यानं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, दोन रकाने पाडून : पुस्तक आणि रस्ता. ती यादी पुढे चार पानं झाली. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की मोठी माणसं १९५६ पासून सुरू होतात, मीही होते. पण पंधराव्या वर्षाच्या उंबऱ्यावरच्या पोराला चिल्लर परत मागता येणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो वेगळाच ठेवावा.

घर हललं मेअखेर, पाऊस लागायच्या आत. त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक टेम्पो, दोन खेपा.

जून ते ऑगस्ट वाईट गेले. वर्गात कोणीतरी ‘कुठला तू?’ विचारलं, यानं जांबोटी सांगितलं, तेव्हापासून नाव पडलं ‘गवा’. तो शाळेतून आला की समोरच्या मोकळ्या जागेत नुसता उभा राहायचा, आईच्या भाषेत ‘खुंट्यासारखा’. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की गावाची बस. आईला हे थांबवायचं होतं. सारखा गावाला गेला तर इथे रुळणार कधी? मी म्हटलं, जाऊ दे. दोरी एकदम कापू नका, सैल सोडा. वर एक गंमत अशी की बायकांना एसटी फुकट करणाऱ्या कर्नाटकाच्या शक्ती योजनेमुळे आई आणि धाकटी आधार दाखवून फुकट जात, आणि याला तिकीट. शाळेचा पास घर ते शाळा एवढाच. “गावाची आठवण मला येते आणि फुकट ह्या जातात,” हे त्याचं म्हणणं मला अजून हसवतं. तिकिटाचे पैसे वडिलांनी कधी नाकारले नाहीत.

ऑगस्टमध्ये एका सोमवारी तो परत आलाच नाही. आईचा मला सकाळी फोन, रडत. शाळा बुडवली, पळून गेला, मी म्हणतच होते. मी घाबरले हे खरं आहे, आणि आपलं सगळं चुकलं असंही वाटलं. वडील गाडी काढून निघणार तेवढ्यात मी म्हटलं, आधी चुलत्याला फोन करा आणि पोराला विचारा, का राहिलास. रागवायचं नंतर बघू.

म्हैस रविवारी रात्री व्यायली होती. थोरल्यानं वहीत दिवस मोजून ठेवले होते, दहा महिने दहा दिवस, आणि तारीख शनिवार-रविवारची निघत होती. घरात कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. चुलता त्या रात्री खानापूरला लग्नाला गेलेला. थोरला आणि आजी असे दोघंच गोठ्यात. पहाटे रेडकू उभं राहिलं, मग हा झोपला. मंगळवारी चुलत्यानं त्याला बसमध्ये बसवलं. आईनं तोंड फिरवलं. वडिलांनी विचारलं, “रेडी का रेडा?” “रेडी,” म्हणाला. एवढ्यावर ते मिटलं. त्याआधीच्या तीन आठवड्यांत आम्हा कोणीही त्याला विचारलं नव्हतं की म्हैस कशी आहे. त्यात मीही आले.

सप्टेंबरात विजेचं बिल आलं. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज मोफत, शेजारच्या खोलीचं बिल शून्य, आणि यांचं मात्र दर महिन्याला काही शे रुपये. वडील निमूट भरत होते, बिल कन्नडमध्ये. थोरल्यानं शेजारच्यांचं बिल मागून आणलं, दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघितली, आणि सांगितलं की आपल्या मीटरची योजनेत नोंदच झालेली नाही. घरमालकीणबाई सत्तरीच्या, मराठी, त्यांनाही हे वाचता आलेलं नव्हतं. बापलेक कागद घेऊन हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. एकानं वाचलं, दुसऱ्यानं बोललं. पुढच्या एका बिलानंतर शून्य आलं.

आता गल्लीतल्या चार-पाच घरांची बिलं आणि नोटिसा त्याच्याकडे येतात. मालकीणबाई त्याला हाक मारतात ती ‘गुमास्ता’ म्हणून. वर्गातलं ‘गवा’ गेलेलं नाही, पण एका बाकावरच्या पोराशी जमलंय, तो नंदगडकडचा. नववीचे मार्क आठवीपेक्षा कमी आले. दहावी झाली की गावात राहून खानापूरला पीयूसी (अकरावी-बारावी) करणार, असं त्यानं जाहीर केलंय. आईवडिलांनी त्यावर हो किंवा नाही काही म्हटलेलं नाही, आणि मीही त्यांना घाई करू नका म्हणून सांगितलंय.

परवा घरी आला होता. वही तीच, पुठ्ठ्याला चिकटपट्टी मारलेली. पुढून दूध, मागून भाडं आणि लाईट. कुंदा खाल्ला, दुसरी वडी मागितली. गावचं काय म्हणून विचारलं तर वही उघडून बोट ठेवलं.

“५.६ लागली म्हणे काल. पिंजर घालत नसणार ते. शनिवारी जाऊन बघतो.”